मरणोत्तर ध्वनिमुद्रणे व कर्तृत्वनिश्चयाचा प्रश्न : मायकेल जॅक्सनच्या तीन वादग्रस्त गीतांच्या निमित्ताने

१

एखाद्या कृतीचा कर्ता कोण, हा प्रश्न मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवा नाही. ज्ञानेश्वरीकार ज्ञानदेव आणि अभंगकार ज्ञानदेव एकच की दोन, हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या नावाने लिहिणाऱ्या शिवराम एकनाथ भारदे यांनी उपस्थित केला आणि त्यानंतर कित्येक वर्षे तो विद्वानांना पुरला. तुकारामांच्या गाथेतील कोणते अभंग तुकारामांचे व कोणते मागून शिरलेले, याची चर्चा तर आजही संपलेली नाही. मात्र हे वाद प्राचीन हस्तलिखितांचे आहेत, यंत्राने टिपून ठेवलेल्या आवाजाच्या बाबतीत असा संशय उद्भवण्याचे कारण नाही, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पोथीचा लेखक चुकेल, पदरचे घालील, गाळील. ध्वनिमुद्रण मात्र जे झाले तेच सांगेल, असे आपण मानतो. ही समजूत किती अपुरी आहे ते अमेरिकन गायक मायकेल जॅक्सन याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या तीन गीतांच्या वादाने चांगले दाखवून दिले. हा वाद मुख्यतः त्याच्या चाहत्यांनी लढविला. विद्यापीठीय अभ्यासकांनी त्याकडे फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. तथापि कर्तृत्वनिश्चयाच्या शास्त्राला त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम वस्तुस्थिती थोडक्यात सांगितली पाहिजे. जॅक्सन २५ जून २००९ रोजी निधन पावला. डिसेंबर २०१० मध्ये सोनी कंपनीने त्याच्या वारसा-मालमत्तेच्या व्यवस्थापकांच्या संमतीने ‘मायकेल’ नावाचा दहा गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. यातील नऊ गीते पूर्वी अप्रकाशित असून त्यांतील गायन जॅक्सनचे आहे, आणि ती अलीकडे श्रेयनामावलीतील निर्मात्यांनी पूर्ण केली आहेत, अशा आशयाचे विधान संग्रहाच्या वेष्टनावर छापले होते. या नऊपैकी ‘ब्रेकिंग न्यूज’, ‘मॉन्स्टर’ आणि ‘कीप युअर हेड अप’ ही तीन गीते एडी कॅसिओ व जेम्स पोर्ट यांच्याकडून आलेली होती. २००७ मध्ये जॅक्सन न्यू जर्सी येथे कॅसिओ कुटुंबात राहात असताना त्या घराच्या तळघरातील ध्वनिमुद्रणशाळेत ती मुद्रित झाली, असे त्यांच्याविषयी सांगण्यात आले. नोव्हेंबर २०१० मध्ये ‘ब्रेकिंग न्यूज’ इंटरनेटवरून ऐकविले गेले आणि त्याच दिवशी चाहत्यांमध्ये आवाजाविषयी शंका उमटली. जॅक्सनच्या कुटुंबातील काहींनीही हा आवाज त्याचा नाही असे जाहीरपणे म्हटले. उलट, व्यवस्थापकांच्या वकिलांनी निवेदन काढून सांगितले की जॅक्सनबरोबर पूर्वी काम केलेले निर्माते व ध्वनितंत्रज्ञ यांना केवळ आवाजाची पट्टी ऐकवली असता त्यांनी तो आवाज ओळखला, आणि दोन तज्ज्ञांनी ध्वनिलहरींची तुलना करून तोच निष्कर्ष काढला.

२०१४ मध्ये व्हेरा सेरोव्हा या ग्राहक स्त्रीने कॅलिफोर्नियात सर्व खरेदीदारांच्या वतीने प्रातिनिधिक दावा दाखल केला. आठ वर्षे तो चालला. जुलै २०२२ मध्ये ही तिन्ही गीते इंटरनेटवरील संगीतसेवांमधून काढून घेण्यात आली, आणि पुढच्याच महिन्यात दावा तडजोडीने मिटला. आवाज कोणाचा, या मूळ प्रश्नावर न्यायालयाचा निर्णय झालाच नाही.

२

या वादासंबंधी एक मत वारंवार ऐकू येते. गीत चांगले असले म्हणजे झाले, गाणारा कोण याला काय महत्त्व, असे ते मत. कृती ही कर्त्यापासून स्वतंत्र असते, या आधुनिक समीक्षेतील सिद्धांताचा आधारही त्याला दिला जातो. हे मत येथे लागू पडत नाही, आणि का पडत नाही ते पाहिले म्हणजे वादाचे खरे मर्म ध्यानात येते.

‘ब्रेकिंग न्यूज’ या गीताचा विषयच वृत्तपत्रे व प्रसारमाध्यमे यांनी मायकेल जॅक्सनचा चालविलेला पिच्छा हा आहे. त्याचे नाव गीतात प्रत्यक्ष येते. ‘मॉन्स्टर’ची भूमिकाही प्रसिद्धीने जेरीस आणलेल्या माणसाचीच आहे. म्हणजे ही गीते आत्मनिवेदनाच्या स्वरूपाची आहेत. संतकवीच्या अभंगात शेवटच्या चरणातील नाममुद्रा जे कार्य करते तेच कार्य येथे गायकाचे स्वतःचे नाव करते : ‘हे मी बोलतो आहे’ अशी ती ग्वाही असते. हा आवाज जॅक्सनचा असेल तर ते एका छळलेल्या माणसाचे गाऱ्हाणे ठरते. तो दुसऱ्याचा असेल, तर मृताच्या नावाने त्याचे दुःख दुसऱ्याच कोणी बोलून दाखविले आणि ते विकले गेले, असा त्याचा अर्थ होतो. शब्द तेच, चाल तीच. परंतु कृती एक राहात नाही. तुकारामांचे अभंग सालोमालो स्वतःच्या नावावर खपवीत असे, अशी परंपरेतील कथा आहे. येथे आरोप त्याच्या उलट दिशेचा आहे, दुसऱ्याचे गाणे मोठ्याच्या नावावर खपविल्याचा. आणि या प्रकारात ज्याच्या नावावर खपवावयाचे तो प्रतिवाद करण्यास हयात नसतो. गायनाच्या क्षेत्रात आवाज हीच स्वाक्षरी आहे. म्हणून स्वाक्षरी खरी की खोटी, हा प्रश्न येथे रसग्रहणाच्या बाहेरचा मानता येत नाही.

३

चाहत्यांनी आपला पक्ष कोणत्या पुराव्यावर मांडला? त्यांचे आक्षेप चार प्रकारचे होते. पहिला, स्वरकंपाचा : दीर्घ स्वर लांबविताना या गीतांत जो कंप ऐकू येतो तो जॅक्सनच्या परिचित कंपाहून अधिक द्रुत व अरुंद आहे. दुसरा, उच्चारांचा : काही व्यंजने व स्वर तो ज्या वळणाने उच्चारीत असे ते वळण येथे नाही. तिसरा, उसनवारीचा : मधूनमधून येणारे श्वास, उद्गार, हुंकार हे त्याच्या पूर्वप्रकाशित गीतांतून उचलून येथे चिकटविले आहेत. चौथा, साधनांच्या अभावाचा : गाताना फसलेले प्रयत्न, अर्धवट पट्ट्या, मधले संभाषण यांपैकी काहीच पुढे आले नाही.

यांपैकी पहिले दोन आक्षेप पद्धतीच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहेत. एकोणिसाव्या शतकात जोव्हान्नी मोरेल्ली या इटालियन कलापारख्याने चित्रांचे कर्तृत्व ठरविण्याची एक रीत सांगितली होती. चित्रातील ठळक वैशिष्ट्यांकडे पाहू नका, कारण अनुकरण करणारा नेमके तेच उचलतो. कानाची पाळी, बोटांची नखे अशा दुर्लक्षित तपशिलांकडे पाहा, कारण तेथे हात सवयीने चालतो, असे त्याचे सांगणे. जॅक्सनची उंच किंकाळी किंवा त्याचे प्रसिद्ध उद्गार यांची नक्कल अनेकांनी केली आहे. स्वर सोडताना येणारा कंप मात्र कोणी सहसा ऐकत नाही, म्हणून त्याची नक्कलही होत नाही. मोरेल्लीचे नावही ज्यांनी ऐकलेले नसेल अशा अनेक श्रोत्यांनी त्याचीच रीत अवलंबिली, ही गोष्ट त्यांच्या श्रवणाच्या शिस्तीची साक्ष देते.

तथापि या पुराव्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. संग्रहाचे एक निर्माते टेडी रायली यांनी त्या वेळी खुलासा केला होता की आवाज सुरात बसविण्यासाठी मेलोडाइन या संगणकीय साधनाचा उपयोग केल्यामुळे कंप बदललेला भासतो. (पुढे २०१३ मध्ये त्याच रायलींनी या गीतांविषयी आपली दिशाभूल झाल्याचे सूचित केले, हे येथे नमूद करणे अवश्य आहे.) खुलासा पटो वा न पटो, त्यातून एक अडचण निघते. मोरेल्लीच्या रीतीत सूक्ष्म तपशील विश्वसनीय ठरतो तो तेथे दुसऱ्या कोणाचा हात फिरलेला नसतो म्हणून. आधुनिक ध्वनिमुद्रणात यंत्राचा हात नेमका याच सूक्ष्म तपशिलांवर फिरतो. तेव्हा कंपातील भेदावरून आवाज परका ठरत नाही. परंतु तो आपलाच आहे हे सांगण्याचा मार्गही त्यामुळेच बंद होतो. तिसऱ्या आक्षेपाचेही तसेच. जुने उद्गार चिकटविले असतील, तर ते वैगुण्य झाकण्यासाठी असतील किंवा केवळ सजावटीसाठीही असतील. उसनवारी सिद्ध झाली म्हणून उसनवारीचा हेतू सिद्ध होत नाही.

चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. याच संग्रहातील ‘मच टू सून’ किंवा ‘बिहाइंड द मास्क’ ही गीते १९८० नंतरच्या काळापासून जॅक्सनच्या कामाच्या इतिहासात ठाऊक आहेत. ‘बिहाइंड द मास्क’ तर यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या जपानी वाद्यवृंदाच्या रचनेवर आधारलेले आहे, आणि त्याची हकीकत अनेकांना माहीत होती. या गीतांची वंशावळ आहे. वादग्रस्त गीतांचा उगम मात्र एकाच घरात सापडतो. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलावयाचे तर हा एकाच पोथीत आढळणारा पाठ होय. असा पाठ केवळ त्या कारणाने खोटा ठरत नाही. मात्र त्याच्या समर्थनाची जबाबदारी तो पुढे करणाऱ्यावर पडते, संशय घेणाऱ्यावर पडत नाही.

४

या वादात ‘कान’ आणि ‘अधिकारी व्यक्ती’ अशी दोन प्रमाणे एकमेकांसमोर उभी राहिली. दोहोंविषयी आपल्या दर्शनशास्त्रांत बारकाईने विचार झालेला आहे, आणि तो येथे उपयोगी पडतो.

ओळखणे म्हणजे प्रत्यभिज्ञा : पूर्वी पाहिलेला तोच हा देवदत्त, असे ज्ञान. मीमांसकांनी शब्दाचे नित्यत्व सिद्ध करताना याच ज्ञानाचा आधार घेतला. काल ऐकलेला ‘ग’कार तोच आज ऐकतो, अशी ओळख पटते, म्हणून वर्ण एकच आहे, असे ते म्हणाले. नैयायिकांचे उत्तर असे की साम्यामुळेही ‘तोच’ असा भास होतो. दिव्याची ज्योत प्रतिक्षणी निराळी असून एकच वाटते. हा आक्षेप सोनीच्या बाजूच्या श्रोत्यांना जितका लागू पडतो तितका चाहत्यांना पडत नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ‘हा तोच आवाज आहे’ हे ज्ञान साम्याने फसू शकते, कारण नक्कल ही साम्यावरच जगते. ‘हा तो नव्हे’ हे ज्ञान साम्याने फसत नाही. ते फसते निराळ्या कारणांनी : गायकाचे वय, आजार, यंत्राची प्रक्रिया, किंवा आधीच मनात शिरलेला संशय. शेवटचे कारण विशेष घातक होय. एकदा वाद पेटल्यानंतर ज्याने ते गीत प्रथम ऐकले त्याच्या कानाची साक्ष, पहिल्या दिवशी काहीही न ऐकता ओळखणाऱ्याच्या साक्षीइतकी शुद्ध मानता येणार नाही.

आता अधिकारी व्यक्तींचे प्रमाण. न्यायभाष्यात वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण सांगताना दोन गोष्टी मागितल्या आहेत : त्याला विषयाचे साक्षात् ज्ञान असावे, आणि जसे जाणले तसे सांगण्याची त्याची इच्छा असावी. या कसोटीवर उभय पक्षांचे साक्षीदार तपासून पाहिले तर विलक्षण दृश्य दिसते. ज्यांना साक्षात् ज्ञान असल्याचा दावा होता, म्हणजे मुद्रणाच्या वेळी आपण हजर होतो असे म्हणणारे, त्यांचा त्या गीतांत आर्थिक हितसंबंध होता. ज्यांचा तसा थेट हितसंबंध नव्हता ते जुने तंत्रज्ञ त्या तळघरात हजर नव्हते. त्यांचे ज्ञान चाहत्यांच्या ज्ञानासारखेच ओळखीचे, फक्त अधिक दीर्घ सहवासाचे. आणि चाहत्यांना पैशाचा लोभ नसला तरी आपल्या आराध्य गायकाची प्रतिमा निष्कलंक राहावी असा प्रेमाचा लोभ होताच. आप्ताची दोन्ही लक्षणे एकत्र असलेला साक्षीदार या संपूर्ण प्रकरणात एकही नाही. असा एकच मनुष्य असू शकला असता, आणि तो २००९ मध्ये वारला होता.

५

न्यायालयीन कामकाजातील दोन मुद्दे अभ्यासकांनी अवश्य पाहावेत. पहिला एका गैरसमजाचा आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये सोनीने गीते बनावट असल्याचे कबूल केले, अशी वार्ता जगभर पसरली. वास्तविक घडले ते असे : सार्वजनिक प्रश्नांवरील भाषणस्वातंत्र्याला दाव्यांची धास्ती बसू नये म्हणून कॅलिफोर्नियात जो कायदा आहे त्याखाली सोनीने अर्ज केला होता, आणि आवाज जॅक्सनचा नाही असे केवळ त्या अर्जाच्या चर्चेपुरते गृहीत धरले तरी आमच्यावर दावा चालत नाही, अशी भूमिका घेतली होती. न्यायसूत्रात ज्याला अभ्युपगम सिद्धांत म्हटले आहे, म्हणजे परीक्षा न करता एखादी गोष्ट वादापुरती मान्य करून पुढचा विचार करणे, तोच हा प्रकार. आपल्या बाजूला अनुकूल असे ऐकू येताच गृहीतकाला कबुली समजून ज्यांनी जल्लोष केला, त्यांनी आपल्याच पक्षाच्या विश्वसनीयतेला धक्का लावला. संशोधकाच्या हातून असे घडू नये.

दुसरा मुद्दा अधिक मूलगामी आहे. २०१६ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने वेष्टनावरील विधानापुरता दावा चालू शकतो असे म्हटले. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने ते फिरविले. सोनीला गायक कोण याचे प्रत्यक्ष ज्ञान नव्हते, तेव्हा तिचे विधान हे उपलब्ध पुराव्यावरून काढलेले मत होते, असे एक कारण त्याने दिले. २०२० मध्ये फेरविचारातही निष्कर्ष कायम राहिला. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केले. विक्रीच्या वस्तूत काय आहे हे सांगणारे विधान व्यापारी स्वरूपाचे असून, विक्रेत्याला स्वतःला खात्री नव्हती एवढ्यावरून ते संरक्षणास पात्र होत नाही, असे त्याने ठरविले. गायक कोण, हे मात्र त्याने ठरविले नाही व ते त्याच्यापुढेही नव्हते.

कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी या निर्णयातील तत्त्व संपादनशास्त्राचे आहे. अपील न्यायालयाचे म्हणणे खरे मानले, म्हणजे सोनीला केवळ मत होते, तर तिने मत म्हणूनच ते छापावयास हवे होते. ‘यांतील तीन गीते अमुक ठिकाणाहून आली असून ती जॅक्सनची आहेत असा आमचा अभिप्राय आहे’ असे एक वाक्य वेष्टनावर असते तर ग्राहकाची फसवणूक झाली असे म्हणण्यास फारशी जागा उरली नसती. असे वाक्य छापले असते तर खप कमी झाला असता, हे उघड आहे. मत हे मत म्हणून न सांगता वस्तुस्थिती म्हणून सांगणे, हाच येथील मूळ दोष होय. आणि आवाज उद्या जॅक्सनचाच ठरला तरी तो दोष पुसला जाणार नाही.

६

चाहत्यांच्या परिश्रमांचा गौरव केल्यानंतर त्यांच्या विचारातील एक उणीवही दाखविली पाहिजे. ‘आवाज कोणाचा’ या एका प्रश्नात त्यांनी तीन प्रश्न सामावून टाकले. आवाज कोणाचा, रचना कोणाची, आणि पूर्ण झालेल्या कृतीला संमती कोणाची, हे ते तीन प्रश्न. उरलेल्या गीतांत आवाज जॅक्सनचा आहे याविषयी फारसा वाद नाही. पण ती ज्या रूपात बाहेर आली त्या रूपाला त्याची संमती नव्हती, कारण ती त्याच्या मागे पूर्ण केली गेली. आवाज अस्सल ठरला की गीत अस्सल ठरले, असे मानणे म्हणजे प्रत्येक ओवी मूळ कर्त्याची आहे एवढ्यावरून कोणीही नव्याने लावलेला क्रम मूळ ग्रंथ मानण्यासारखे आहे. या दृष्टीने २०१४ चा ‘एक्सस्केप’ हा संग्रह अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे. त्याच्या विस्तृत आवृत्तीत नव्याने सजविलेल्या गीतांबरोबर त्यांची मूळ ध्वनिमुद्रणेही दिली होती. संपादकाचा हात कोठून कोठवर फिरला, हे त्यामुळे श्रोत्याला स्वतः तपासता येते.

याउलट वादग्रस्त तीन गीते २०२२ मध्ये नुसतीच मागे घेतली गेली. वाद मागे टाकण्याचा हा सोपा मार्ग आहे आणि अस्सलपणाशी त्याचा संबंध नाही, असे तेव्हा सांगण्यात आले. पुष्कळ चाहत्यांना हा विजय वाटला. अभ्यासकाला तो तसा वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी पदरची ओवी घालू नये अशी ताकीद दिली, हे त्या काळाला धरून योग्यच होते. पण त्यांनी वगळलेले पाठ कोणते, हे आज आपणांस पडताळून पाहता येत नाही. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी आखून दिलेल्या पद्धतीने पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीने निराळा मार्ग पत्करला : प्रक्षिप्त वाटलेला श्लोक फेकून न देता तो तारांकित करून तळटीपेत वा परिशिष्टात जपला. म्हणूनच त्या निर्णयांची पुन्हा तपासणी शक्य आहे. संशयित गीत बाजारातून काढणे निराळे आणि त्याची मूळ पट्टी, तिच्या संगणकीय नोंदी व श्रेयपत्रे एखाद्या संग्रहालयात अभ्यासकांसाठी खुली करणे निराळे. पहिले झाले, दुसरे झाले असते तर वाद मिटण्याची शक्यता तरी होती.

ही चर्चा आता एका परक्या गायकापुरती राहिलेली नाही. २०२३ मध्ये जॉन लेननच्या जुन्या घरगुती ध्वनिफितीतून यंत्राच्या साहाय्याने आवाज वेगळा काढून बीटल्सचे ‘नाऊ अँड देन’ हे गीत पूर्ण केले गेले. तेथे आवाज खरा आणि साधन उघड होते. २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातील एका गीतासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज संगणकाद्वारे निर्माण केले, कुटुंबीयांच्या संमतीने व तसे जाहीर करून. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने एका हयात गायकाच्या आवाजाची परवानगीवाचून यांत्रिक नक्कल करण्यास मनाई केली. यापुढे नक्कल करणाऱ्या दुसऱ्या गायकाचीही गरज उरलेली नाही, आणि मोरेल्लीच्या नखांची नक्कलही यंत्र करू लागेल. तेव्हा केवळ कानावर विसंबून कर्तृत्व ठरविण्याचे दिवस मावळत आहेत. उरतो तो वंशावळीचा पुरावा : कोणते मुद्रण, कोठे, कोणासमक्ष, कोणत्या साधनाने झाले, आणि त्यावर पुढे कोणाचा हात फिरला, याची अखंड नोंद. आपल्याकडील नभोवाणीच्या व खाजगी संग्रहांतील हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिफितींना अशी नोंद जोडण्याचे काम, त्या फिती जपणारी माणसे हयात आहेत तोवरच होऊ शकेल. ते संगीतविभागांनी व वाङ्मयविभागांनी मिळून हाती घ्यावे, एवढीच या लेखाच्या शेवटी सूचना आहे.